बारशाच्या आहेरातली ती अक्षरं

फोंड्याहून एका आईनं विचारलंय. मुलगी ४ महिन्यांची. बारशाला आलेल्या कपड्यांपैकी १७ कपड्यांवर छातीशी काही ना काही छापलेलं आहे: ‘पापाज प्रिन्सेस’, ‘मम्माज शॉपिंग पार्टनर’, ‘टू क्यूट टु वर्क’, आणि एकावर ‘मला भेटायचं तर आधी बाबांना विचारा’ अशा अर्थाचं काहीतरी. दिराला त्याच महिन्यात मुलगा झाला. त्याच्याकडे गेलेल्या कपड्यांवर ‘फ्यूचर बॉस’, ‘लिटल जीनियस’, ‘ट्रबल मेकर’. नवरा म्हणतो, बाळाला कुठे वाचता येतंय. सासूबाई म्हणतात, आहेराला नावं ठेवू नयेत. बाईंना दोन गोष्टी कळायला हव्यात: मी उगाच मनाला लावून घेतेय का, आणि तसं नसेल तर या कपड्यांचं आता करायचं काय?

म्हापशात बाळांचे कपडे शिवण्या-विकण्यात माझी २६ वर्षं गेली. आधी झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी एवढंच होतं. पुढे मागच्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल मांडलं आणि नावं, तारखा, ‘फर्स्ट बर्थडे’ असलं छापून देऊ लागले. तुम्ही लिहिलेल्या ओळींपैकी निदान तीन मी स्वतः छापल्या आहेत, शेकड्यांनी. तेव्हा सोवळं नेसून उत्तर द्यायची सोय मला नाही.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं आधी घेते. बाळाला वाचता येत नाही हे खरंच आहे. आपल्या छातीवरचं त्याला धड दिसतही नाही. दिसतं ते त्याला उचलून घेणाऱ्याला, आणि वाचल्यावर तो माणूस काय करतो ते मी गल्ल्यावरून बघत आलेय.

गेल्या पावसाळ्यातलं सांगते. नात ५ महिन्यांची, लेक कामावर रुजू झालेली, त्यामुळे पोर दिवसभर दुकानात माझ्यापाशी. ऑगस्टात आपल्याकडे काही वाळत नाही हे तुम्हाला सांगायला नको. पंख्याखाली, फ्रिजच्या मागे, जिथे जागा मिळेल तिथे कपडे पसरायचे आणि जे वाळेल ते अंगात घालायचं. एका शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, तिच्या अंगात दुकानातलाच एक शिल्लक पीस होता: गडद निळा, ट्रॅक्टरचं चित्र, खाली ‘लिटल चॅम्प’. शिवोलीकडची एक म्हातारी गिऱ्हाईक पाळण्यात वाकली. पोर जोरजोरात पाय झाडत होती. “पळय गो, कसो पांय मारता! फुटबॉलर जातलो हो!” असं म्हणत तिनं नातीला काखेत धरून वर उचललं, दोनदा उडवलं. नात खिदळली. पुढच्या शुक्रवारी अंगात फिकट गुलाबी, झालरीचं, ‘पापाज एंजल’. पाळणा तोच, पाय झाडणं तेच. दुसरी एक बाई आली. “कशी पांय हालयता बाय! नाचपी जातली.” तिनं उचललं नाही. झालर सारखी केली, गालाला बोट लावलं आणि बिलाकडे वळली. मी दोघींनाही दुरुस्त केलं नाही. गिऱ्हाइकाला कोण दुरुस्त करतं? पण त्या रात्री हिशेब लिहिताना दोनदा उडवलेली नात आणि झालर सारखी केलेली नात अशा दोघी डोळ्यांसमोर येत राहिल्या.

ही झाली माझी एकटीची नजर. पण अशा गोष्टी नीट तपासूनही झाल्या आहेत. जॉन आणि सँड्रा काँड्री या अमेरिकन जोडप्यानं १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ९ महिन्यांच्या एका बाळाची फिल्म लोकांना दाखवली. काहींना सांगितलं हा मुलगा आहे, काहींना सांगितलं मुलगी. डबीतून उसळी मारून बाहेर येणारं खेळणं बघून बाळ रडतं. ‘मुलगा’ म्हणून बघणाऱ्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला, ‘मुलगी’ म्हणून बघणाऱ्यांना भीती. फिल्म एकच, रडणं एकच. आता घाबरलेल्या बाळाला आपण छातीशी धरतो आणि रागावलेल्याला म्हणतो, “बघा कसा ऐटबाज!” हे महिनोन् महिने, दिवसातून वीस वेळा चाललं तर दोन पोरांच्या वाट्याला दोन वेगळे हात येतात.

२००० साली न्यूयॉर्कमध्ये झालेला दुसरा प्रयोग मला त्याहून पटतो, कारण त्यात आयाच होत्या, परके नव्हते. ११ महिन्यांची रांगती बाळं. उतार कमी-जास्त करता येईल अशी घसरगुंडीसारखी फळी. आईला विचारलं, तुझं बाळ किती उतारावरून सुखरूप उतरेल? मुलींच्या आयांनी कमी सांगितलं, मुलग्यांच्या आयांनी जास्त. प्रत्यक्षात सोडल्यावर मुलगे-मुलींत काही फरक निघाला नाही. आपल्या पोटच्या पोराचाही अंदाज चुकतो, तो असा एका बाजूला कलून चुकतो.

आणि २०१७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ५ वर्षांच्या मुली ‘खूप हुशार’ म्हटल्यावर बाईमाणसाकडेच बोट दाखवत होत्या, मुलग्यांइतक्याच. ६-७ वर्षांच्या मुली ते कमी करू लागल्या होत्या. म्हणजे पहिलीच्या आसपास हे घडून गेलेलं असतं.

यातलं काहीही ‘टी-शर्टनं केलं’ असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. एका झबल्यानं मुलगी बुजरी होत नाही आणि एका झबल्यानं मुलगा आडदांड होत नाही. कपडा हा त्या सगळ्या बोलण्यातला एक धागा आहे. फरक एवढाच, की तोंडचं बोलणं हवेत विरतं आणि हा मजकूर दिवसभर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकापुढे, बाळाच्याच छातीवर उभा असतो.

आता हे मजकूर येतात कुठून ते सांगते, कारण गिऱ्हाइकांना वाटतं यामागे कुणीतरी विचार करून बसलेलं असतं. तसं काही नाही. होजिअरीचा माल मुख्यतः तिरुपूरहून येतो. परदेशी ऑर्डरचा उरलेला किंवा नापास झालेला माल, त्या मालाच्या नकला, नकलांच्या नकला. चित्रांची पानं तयार मिळतात, वर दोन रकाने: बॉइज आणि गर्ल्स. ० ते ३ महिन्यांच्या बाळाचं माप मुलगा-मुलगी एकच असतं. छाती एक, उंची एक, लंगोट एक. तरी ऑर्डरच्या कागदावर दोन रकाने भरावेच लागतात. मी एकदा मालवाल्याला विचारलं, नुसते पिवळे-पांढरे बिनछापाचे का पाठवत नाहीस? तो म्हणाला, “बाई, मग दुसऱ्या बाळाला तुमच्याकडे कोण येणार?” सगळं गणित या एका वाक्यात आलं. आपल्या घरात झबली थोरल्या भावंडाकडून धाकट्याकडे, तिथून आतेभावाकडे, मग भाडेकरणीच्या बाळाकडे जात. मऊ जुन्या धोतराची आणि नऊवारीची झबली तर वापरून वापरून लोण्यासारखी व्हायची. छातीवर ‘प्रिन्सेस’ आलं की ती साखळी पहिल्या मुलग्यापाशी तुटते.

रंगाचंही तसंच. १९१८ साली अमेरिकेतल्या बाळकपड्यांच्या एका व्यापारी मासिकानं सल्ला दिला होता, मुलग्यांना गुलाबी, कारण तो ठसठशीत, आणि मुलींना निळा, कारण तो नाजूक. शंभर वर्षांत नेमकं उलटं झालं आणि आता तेच जन्मजात असल्यासारखं आपण बोलतो. आपल्याकडे तर तेवढंही नव्हतं. वाळे, मनगट्या, करगोटा, काजळ, तीट, कुंची, यातलं एकही मुलगा-मुलगी बघून होत नसे. सटवाईच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, ती दोघांसाठीही कोरीच ठेवतात. मी काही फार देवभोळी नाही, पण हे मला आवडतं.

आता माझ्या हातून झालेली एक गोष्ट. दहाएक वर्षांपूर्वी जुळ्यांच्या पहिल्या वाढदिवसाची ऑर्डर आली, एक मुलगा, एक मुलगी. आई-बाबा दोघंही शिकलेले, चांगल्या नोकरीतले. एका टी-शर्टवर ‘ब्रेन्स’, दुसऱ्यावर ‘ब्यूटी’. कुणाचा कुठला हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही, आणि आता तेच मला खुपतं. एकाच मापाचे दोन पांढरे पीस काढले, छापले. वाढदिवसाचं आमंत्रण मलाही होतं. घाईत मावशीनं टी-शर्ट अदलाबदल करून घातले. मुलगा ‘ब्यूटी’ होऊन बाहेर आला आणि सगळा हॉल हसून लोळला. फोटो काढले, कुणी त्याला बांगड्या घालायला निघालं, दोन मिनिटांत टी-शर्ट बदलले आणि केक कापला. मुलगी ‘ब्रेन्स’ होऊन उभी होती, तिच्यावरही हसत होते. मी माझ्या प्लेटमधली पुरी तोडत बसले होते. एक वर्षाच्या मुलीच्या छातीवर ‘डोकं’ लिहिलंय, यात विनोद काय आहे?

तेव्हापासून माझी कसोटी हीच. ओळ उलट्या बाळावर वाचून बघा. ‘झोपू द्या मला’ हे मुलग्यावर वाचा, मुलीवर वाचा, काही फरक पडत नाही. ‘आजीची ऑर्डर, दूध हवंय’ तसंच. पण ‘टू क्यूट टु वर्क’ तुमच्या पुतण्याच्या अंगात घालून बघा, आणि ‘फ्यूचर बॉस’ तुमच्या मुलीच्या. ज्या ओळीला घरातले हसतील, ती ओळ बाळाबद्दल नाहीच. ती मुलगी किंवा मुलगा कसा असावा याबद्दल आहे. या एका चाळणीतून तुमचे १७ कपडे अर्ध्या तासात निवडून होतील.

छापता छापता आणखी एक लक्षात आलं, भाषेचं. मुलींच्या कपड्यांवर मुलगी बहुतेक वेळा कुणाची तरी असते: पापाची प्रिन्सेस, मम्माची डॉल, बाबांची परी, आजोबांची छकुली. मुलगा स्वतःच काहीतरी असतो: बॉस, हिरो, चॅम्प, रॉकस्टार. अपवाद आहेत, ‘मम्माज बॉय’ भरपूर खपतो. चित्रांतही तेच. मुलग्यांकडे पळणारी वस्तू, ट्रॅक्टर, रॉकेट, शार्क, डायनासोर. मुलींकडे बसलेली, बो, कपकेक, मांजर, फूल. फुलपाखरू तेवढं उडतं. मराठीत छापायची टूम आली तेव्हा वाटलं आता तरी बदलेल. आल्या त्या ऑर्डरी ‘आईचा वाघ’, ‘भावी सरपंच’ आणि ‘बाबांची परी’. एकदाच, पेडण्याच्या एका आजोबांनी नातीसाठी ‘भावी सरपंच’ मागितलं. मी छपाईचे पैसे घेतले नाहीत.

मुलग्यांच्या बाजूला जास्त वेळ देत नाही, पण ती बाजू विसरूही नका. ‘लेडी किलर’, ‘हार्टब्रेकर’ हे दात न आलेल्या पोराच्या छातीवर मला किळसवाणंच वाटतं. मुलीच्या छातीवरचं ‘आधी बाबांना विचारा’ ही त्याचीच दुसरी बाजू: एक शिकारी, दुसरी राखणीतली. आणि ‘टफ गाय’ लिहिलेलं पोर रडलं की कुणीतरी हमखास म्हणतं, “मुलगा असून रडतोस?” दिराच्या बाळाचंही हित यात आहे हे घरात सांगायला उपयोगी पडेल. नाहीतर सगळे समजतात तुम्हाला फक्त तुमच्या मुलीचं पडलंय.

गोव्याची गंमत म्हणजे आपल्याकडे वारसाहक्कात मुलगा-मुलगी समान, हे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेलं आहे. काही राज्यं सोडली तर बाकी देशातल्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत भावाइतका हक्क २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला. घराच्या कागदावर जी बरोबरीची वाटेकरी, ती झबल्यावर शॉपिंग पार्टनर. आणि फार ऐट मिरवायला नको, २०११ च्या जनगणनेत गोव्यात ६ वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे ९४२ मुली होत्या.

कंपन्यांना कुणी बोलत नाही असंही नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीनं मुलींसाठी एक टी-शर्ट काढला: ‘मी इतकी सुंदर आहे की गृहपाठ करत नाही, माझा भाऊ माझ्यासाठी करतो’ अशा अर्थाचा. लोकांनी एवढा गदारोळ केला की तो लगेच मागे घ्यावा लागला. २०१६ मध्ये गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या जाहिरातीत मुलगा ‘लिटल स्कॉलर’ आणि मुलगी ‘सोशल बटरफ्लाय’. त्या छोट्या विद्वानाच्या टी-शर्टवर आइनस्टाइनच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक प्रिंटरला सांगते. ब्रिटनच्या जॉन लुइस या दुकानसाखळीनं २०१७ मध्ये आपल्या मुलांच्या कपड्यांवरची ‘बॉइज’, ‘गर्ल्स’ अशी वेगळी लेबलं काढून टाकली. आपल्याकडे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेनं जून २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या ठोकळेबाज चित्रणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या जाहिरातींसाठी आहेत. झबल्यावरची ओळ जाहिरात नाही, तेव्हा तिथे निवड तुमची आणि माझी.

मग करायचं काय. सासूबाईंचं म्हणणं मोडू नका. आहेर आणणाऱ्यांनी प्रेमानं आणलाय. बहुतेकांनी तर छापलेलं वाचलंही नसेल, रंग बघून उचललं असेल. माझ्या दुकानात तरी दहातली आठ माणसं तसंच करतात. आणि गुलाबीशी भांडू नका. गुलाबी रंग गोड आहे. मुलीला फक्त निळं घालून तुम्ही वेगळं काही केलं असं होत नाही, निळं जास्त मोलाचं एवढंच त्यातून सांगितलं जातं.

एक चाळणी भाषेची झाली, दुसरी कातडीची लावा. माझ्या मते तुमच्यासाठी हीच पहिली, आणि घरात वाद न होता चालते तीही हीच. छातीवरची जाड, चकचकीत, हाताला चिकट लागणारी छपाई म्हणजे रबर प्रिंट. त्यातून वारा जात नाही, घाम शोषला जात नाही. मार्च ते जून आपल्या दमट हवेत बाळाच्या छातीवर नेमका त्याच चौकोनात घामोळं आलेलं मी कितीदा पाहिलंय. कपडा दोन्ही हातांनी ताणून बघा. छपाईला भेगा पडल्या, पापुद्रा सुटला, तर तो कपडा बाजूला, कारण बाळ ते तोंडात घालतं. चमकी, टिकल्या, मोत्याची बटणं, फॉइल, सगळं बाजूला. मऊ, कपड्यातच मुरलेली छपाई असेल ती पिगमेंट प्रिंट, ती चालते. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून १७ मधले निम्मे तरी इथेच गळतील, आणि सासूबाईंना सांगायला “डॉक्टर रबर नको म्हणतात” हे पुरेसं आहे. तुमचे बालरोगतज्ज्ञ त्याला नाही म्हणणार नाहीत.

उरलेले रात्री झोपताना घाला. झोपेत कुणी वाचत नाही. आणलेल्या माणसाच्या घरी जाताना तोच कपडा एकदा घाला, एक फोटो काढा, त्यांनाही बरं वाटेल. पुढच्या आहेरासाठी आधीच सांगून ठेवा. “काही आणू नका” म्हटलं तर लोक आणतातच. “६ ते १२ महिन्यांचं माप, सुती, बिनछापाचं हवंय, नाहीतर दुपटी चालतील” असं नेमकं सांगितलं की लोकांना सुटल्यासारखं होतं. दुकानातही ‘मुलीचं दाखवा’ म्हणू नका, ‘६ महिन्यांचं दाखवा’ म्हणा. सेल्सगर्ल एकदा “बेबी बॉय की बेबी गर्ल?” विचारेल, तेव्हा फक्त माप पुन्हा सांगा. माझ्याच मुलींना हे शिकवायला मला दोन महिने लागले, अजून सवयीनं विचारतात.

आणि एखादा कपडा खरंच चांगल्या सुताचा असेल, फक्त ओळ नको असेल, तर तो टाकू नका. खणाचा किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा घ्या. छपाईच्या चारही बाजूंनी बोटभर जास्त कापा. कडा आत दुमडून इस्त्री करा, पण इस्त्री छपाईवर ठेवू नका, वितळते. होजिअरी ताणतं आणि खण ताणत नाही, म्हणून पॅच ताणून लावायचा नाही, कपडा सपाट पसरून सैल टाचून घ्यायचा आणि मग हातानं बारीक टाका घालायचा. आतल्या बाजूनं दोऱ्याच्या गाठी बाळाला टोचतात. तिथे जुन्या धोतराचं अस्तर लावा. रबर प्रिंट फार जाड असेल तर पॅच फुगतो, त्याच्या वाटेला जाऊ नका, त्याची पायपुसणी करा. हात बसत नसेल तर शुक्रवार सोडून कुठल्याही दिवशी म्हापशाला या. शुक्रवारी मला मान वर करायला वेळ नसतो.